कंट्रोलचं घर

"वैजे, कंट्रोलवाला आलाय. रॉकेलचा डबा आण," आत्याबाई उंबऱ्यातून ओरडल्या.

आत्याबाई म्हणजे माझी सासू. इचलकरंजीत आमच्या गल्लीत दिवसभर मागांचा खडखडाट, त्यामुळं साधं मीठ मागायचं तरी माणूस ओरडूनच मागायचं. मी आत सुताच्या कांड्या भरत बसले होते. रेशनच्या दुकानाला तेव्हा सगळे कंट्रोलच म्हणायचे, आणि कंट्रोलवाला आपल्या पायानं दारात आला म्हणजे नवलच. मी डबा उचलला आणि पळत बाहेर आले.

दारात एक तरणा पोरगा उभा होता. इस्त्रीचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, खांद्याला कातडी पिशवी. रॉकेल कुठंच दिसेना.

"होगाडे ना? हेच कंट्रोलचं घर?" त्यानं विचारलं.

"होगाडे आम्हीच. पण कंट्रोल पलीकडं, मारुतीच्या देवळामागं."

"नाही नाही. कंट्रोल तुम्हीच आहात."

"आम्ही कसं कंट्रोल? आम्हालाच गेल्या महिन्यापासून रॉकेल नाही."

तो माझ्या हातातल्या डब्याकडं बघत राहिला. मग म्हणाला की तो डॉक्टर आहे, खरशीकर नाव, जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यातून आलाय, आणि मुकुंद होगाडे या मुलाबद्दल आणि त्याच्या आईबद्दल थोडी माहिती हवी आहे. दवाखाना म्हटल्यावर आत्याबाई दारात आडव्याच झाल्या. आणीबाणी उठून वर्ष होत आलं होतं, आणि दवाखान्याचा माणूस घरी कशाला येतो हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"माझ्या लेकाला नसबंदीच्या ऑपरेशनला न्यायला आलासा व्हय? त्यो न्हाई घरात. आन एकच पोरगं हाय त्याला."

"ऑपरेशन नाही हो आजी. फक्त प्रश्न विचारायचेत."

"त्येंनी बी आदी प्रश्नच इचारले हुते."

शेवटी मीच त्याला आत घेतलं. उन्हातनं आलेलं माणूस, पाणी तरी द्यायला नको का. मी अंथरलेल्या घोंगडीवर बसला, पाणी प्यायला, पिशवीतून कागद काढले आणि ओरडून ओरडून विचारायला लागला. भिंतीपलीकडं शेजाऱ्यांचे माग चालू, त्यामुळं त्याचा निम्मा शब्द यायचा आणि निम्मा जायचा.

पहिले प्रश्न मुकुंदाचे. मुकुंद सहा वर्षांचा. नाव मुकुंद, घरात हाक मुक्या, आणि तोंड मात्र सकाळपासून चालू. तो माझ्या मांडीला टेकून डॉक्टरच्या पेनाकडं बघत होता.

"याचं डोकं दुखतं का? सकाळी उठल्यावर उलटी? चालताना तोल जातो? एकाच्या दोन वस्तू दिसतात असं म्हणतो?"

"नाही," मी म्हणाले. "का? काय झालंय त्याला?"

"ते मला सांगता येणार नाही."

"सांगता येणार नाही म्हणजे?"

"तसा नियम आहे आमचा. आधी सांगितलं तर तुमची उत्तरं बदलतात."

आता बघा, सहा वर्षांच्या पोराच्या आईला घरी येऊन असं सांगायचं असतं का? पण तोही नवीनच होता, ओठांवर मिसरूडसुद्धा नीट फुटलं नव्हतं. त्यानं कागद उलटला आणि माझ्याकडं वळला.

"गर्भारपणात आपण शामक औषधं घेतली होती का?"

"शामा?" आत्याबाई मधेच म्हणाल्या. "वरल्या गल्लीतली? तिचं आमचं बोलनं न्हाई."

"शामक. बार्बिट्युरेट वर्गातली." मग आमच्या तोंडाकडं बघून त्यानं सोपं केलं. "गोळ्या, गोळ्या. पोटात बाळ असताना रोज घ्यायच्या अशा काही गोळ्या?"

"घेती की. पित्ताच्या. रोज," आत्याबाईंनी परस्पर सांगून टाकलं.

इथं मला जरा थांबून त्या पित्ताचं सांगायला पाहिजे. मला पित्त नव्हतं. कधीच नव्हतं. मला फिट यायच्या. आठवीत असताना पहिल्यांदा आली, शाळेच्या आवारात, आणि मी शुद्धीवर आले तेव्हा कुणाची तरी चप्पल माझ्या नाकाला लावलेली होती. पुढं एका चांगल्या डॉक्टरनं एक बारीक पांढरी गोळी चालू केली, आणि ती रोज घेतली की काही म्हणजे काही व्हायचं नाही. पण लग्नाच्या वेळी हे सांगायचं कुणाला? फिट येणारी पोरगी म्हटली की उंबऱ्यातला माणूस माघारी. म्हणून आईनं मला गोळ्यांची पुडी दिली आणि सांगितलं, कुणी विचारलं तर पित्ताच्या म्हण. तेव्हापासून सासरी माझं पित्त सगळ्यांनी इतक्या मायेनं सांभाळलं की विचारू नका. मला वांगं नाही, तूरडाळ नाही, ठेचा नाही. सगळी माणसं तांबड्या रश्शात भाकरी कुस्करून खायची आणि मी आपली मुगाचं वरण पीत बसायची. आत्याबाई स्वतःच्या हातानं माझ्यासाठी आवळे उकडून ठेवायच्या. त्यांचा जीव होता माझ्यावर, म्हणूनच मला जास्त भीती वाटायची.

"पित्ताच्या कोणत्या गोळ्या? दाखवता?" खरशीकरनं विचारलं.

"संपल्यात," मी म्हणाले.

"परवाच तर पुडी आनली म्हायेरनं," आत्याबाई म्हणाल्या.

"त्यात दोनच होत्या."

त्यानं माझ्याकडं जरा बघितलं. मग घसा साफ करून पुढचा प्रश्न मागांच्या वर आवाज चढवून विचारला, आणि नेमकी त्याच घटकेला वीज गेली. सगळी गल्ली एकदम गप्प झाली. त्या शांततेत त्याचा प्रश्न पार टोकाच्या पाणवठ्यापर्यंत गेला असणार.

"तुम्हाला कधी फिट यायच्या का?"

शेजारची दोन डोकी दारात आली. आत्याबाई कपाळाला आठ्या घालून माझ्याकडं बघायला लागल्या.

"नाही," मी म्हणाले. "कधीच नाही."

"फिटच्या किंवा झोपेच्या गोळ्या कधीही घेतल्या नाहीत?"

"नाही म्हटलं ना."

त्यानं कागदावर खूण केली. तो उठायला लागला तशी मी त्याला आडवं जाऊन विचारलं की एवढं विचारलंत ते कशाचं आहे ते तरी सांगा. बिचारा घाईत होता, त्याच्या तोंडून निसटून गेलं. "लहान मुलांच्या मेंदूत गाठी होतात, त्यांचा अभ्यास आहे. आईनं घेतलेल्या झोपेच्या औषधांशी त्याचा काही..." आणि जीभ चावून गप्प झाला. "काही आठवलं तर मंगळवारी दवाखान्यात या," एवढं बोलून गेला.

झालं. मेंदूत गाठ. झोपेची औषधं. आणि सगळं गाव सोडून हा माणूस माझ्याच घरी. मला दुसरं काही सुचेना. ह्या दवाखानेवाल्यांना काहीतरी कळलंय, मला वाटलं. शाळेत मुलांना तपासायला आले होते, तेव्हा काहीतरी सापडलं असणार, आणि आता सांगत नाहीत. आणि ती गोळी, ती मी रोज खाल्ली, मुकुंद पोटात असताना एक दिवस चुकवली नाही. एक दिवस चुकवली असती तर पडले असते, म्हणून चुकवली नाही.

मुकुंदानं तर माझा जीवच घेतला. डॉक्टर काय विचारतो ते त्यानं सगळं ऐकून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेची वेळ झाली आणि म्हणाला, "आई, माझं डोकं दुखतंय. आन मला दोन दोन आई दिसत्यात." मी त्याला कुशीत घेऊन रडले. तो चांगला दिवसभर घरी राहिला, शेंगदाणे खाल्ले, चिंचा खाल्ल्या आणि संध्याकाळी भडाभडा ओकला. सगळं नाटक आहे हे दुसऱ्या कुणाच्या पोराचं असतं तर मला एका क्षणात कळलं असतं. स्वतःच्या पोराचं कळत नाही.

रात्री जेवताना मी घरातल्यांना सांगितलं. आमचे हे, महादेवराव, मागाच्या कारखान्यात जॉबर होते, मोडलेला माग दुरुस्त करायचे. बोलायला कमी. ते म्हणाले, "डॉक्टर उगीच कशाला येईल चालत? काहीतरी आसंल. मंगळवारी दाखवून ये."

"एकटी नको जाऊ दे," आत्याबाई म्हणाल्या. "मी जाते संगं."

नको म्हणायला तोंड कुठं होतं. दवाखान्यात जाऊन डॉक्टरला खरं सांगायचं, पाय धरायचे आणि पोराला वाचवायचं, एवढंच मी ठरवलं होतं. आता आत्याबाई बरोबर. त्यांच्यासमोर सांगितलं तर मी माहेरी, आणि नाही सांगितलं तर मुकुंदाचं काय. बसमध्ये मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि मला रस्ताही दिसत नव्हता.

दवाखान्यात खरशीकरच्या खोलीबाहेर एक लांब बाकडं होतं. त्यावर एक म्हातारी बसली होती, मांडीवर मुकुंदाएवढाच पोरगा, डोक्याचा गोटा केलेला आणि वरून पांढरी पट्टी. पोरगा मान टाकून पडला होता. बाकड्यापासून दूर, भिंतीला टेकून, खाली फरशीवर एक बाई बसली होती माझ्याच वयाची. पोरगा अधूनमधून तिच्याकडं हात करायचा आणि म्हातारी तो हात धरून खाली घ्यायची.

आत्याबाई म्हातारीशेजारी टेकल्या. दोन म्हाताऱ्या एका बाकड्यावर बसल्या की ओळख व्हायला किती वेळ लागतो.

"नातू व्हय?"

"नातू. डोसक्यात गाठ हाय. कापून काडली निम्मी, निम्मी ऱ्हायली म्हनं." मग म्हातारीनं हनुवटीनंच फरशीवरच्या बाईकडं दाखवलं. "ही आई. मालन. पोटूशी असताना झोपंच्या गोळ्या खाल्ल्या हिनं. झोप यीना म्हनून. आवं, झोप यीना म्हनून कुनी गोळ्या खातंय व्हय?"

"मला गावच्या डॉक्टरनंच दिल्या हुत्या," मालन खालूनच म्हणाली. "चारच खाल्ल्या."

"तू गप. हितला डॉक्टर त्येच इचारत हुता. झोपंच्या गोळ्या खाल्ल्या का, किती खाल्ल्या. उगंच इचारंल व्हय? त्येनंच झालं." म्हातारीनं पोराच्या पाठीवरून हात फिरवला. "आता ह्यो घरी आला की हिला धाडनार म्हायेरला. हिचा हातसुदिक लागू देत न्हाई मी त्याला."

आत्याबाईंनी जीभ टाळ्याला लावून च्च केलं. "आजकालच्या पोरींना काय म्हनावं. आमची बघा, पित्ताची सोडली तर कसली गोळी म्हनून तोंडात घालत न्हाई."

मालननं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं.

तेवढ्यात खरशीकरनं आत बोलावलं. मी आणि मुकुंदच गेलो, दार लोटलं. त्यानं काही विचारायच्या आत मी डोकेदुखी आणि उलटी सांगितली. त्यानं मुकुंदाच्या डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी मारली, एका सरळ रेघेवरून चालवलं, एका पायावर उभं केलं. मुकुंद उड्या मारायला लागला. डॉक्टरनं विचारलं, "डोकं कधी दुखतं रे?" मुकुंद म्हणाला, "शाळेच्या वक्ताला."

खरशीकर हसला. "काही झालेलं नाही याला. ठणठणीत आहे."

"मग तुम्ही आमच्याकडं का आलात?"

"ठणठणीत आहे म्हणूनच आलो."

मला काही म्हणजे काही कळेना. पोरगं बरं आहे म्हणून दवाखान्याचा माणूस घरी येतो, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. माझा चेहरा बघून त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि पहिल्यांदा माणसासारखं सांगितलं. एका बाजूला गाठ झालेली मुलं. दुसऱ्या बाजूला त्याच गावातली, त्याच वयाची, धडधाकट मुलं. दोन्हींच्या आयांना तेच प्रश्न विचारायचे आणि काय फरक पडतो ते बघायचं. धडधाकट बाजूला ते लोक इंग्रजीत कंट्रोल म्हणतात. आमचं घर ते कंट्रोलचं घर.

मी मुकुंदाला जवळ ओढलं आणि त्याच्या डोक्यावर तोंड ठेवून बसले. एवढं सुख मला त्याच्या जन्माच्या वेळीही झालं नव्हतं. उठून निघालेच होते, पण दारापाशी पाय अडला. दाराच्या फटीतून मालनची पाठ दिसत होती.

"बाहेरच्या त्या बाईच्या गोळ्यांनी झालं का हो तसं?"

"कोण म्हणालं?"

"तिची सासू. तुम्ही विचारलंत म्हणून."

त्याचा चेहरा उतरला. "अहो, माहीत नाही म्हणून तर विचारतोय. माहीत असतं तर कशाला विचारत फिरलो असतो?" मग माझ्याशी बोलतोय की स्वतःशी ते कळू नये असा बोलायला लागला. "आमची खरी पंचाईत वेगळीच आहे. ज्यांचं मूल आजारी, त्या आया रात्रंदिवस आठवत बसतात. अर्धी गोळी घेतली असली तरी सांगतात. ज्यांचं मूल बरं आहे त्या नाही म्हणून मोकळ्या होतात. मग आमच्या कागदावर असं दिसतं की आजाऱ्यांच्या आयांनीच तेवढ्या गोळ्या खाल्ल्या. गोळीनं काही केलं नसलं तरी चोर तीच ठरते."

मी उभीच राहिले. "मी नाही म्हटलं ते कुठं लिहिलंत?"

"त्या बाजूला. गोळी घेतली नाही, मूल निरोगी."

"म्हणजे माझं 'नाही' ते तिच्या माथी."

आणि मी सांगून टाकलं, हळू आवाजात, दाराकडं पाठ करून. फिटचं, पांढऱ्या गोळीचं, पित्ताचं, आणि मुकुंद पोटात असतानाच्या रोजच्या गोळीचं. त्यानं गोळीचं नाव विचारलं आणि म्हणाला की हो, ही त्याच वर्गातली, आणि मालनच्या चार गोळ्यांपुढं रोजची एक म्हणजे फारच जास्त झाली. कागद काढून त्यानं जुनी खूण खोडली आणि नवी केली. खूश दिसला.

"हे गुपित राहील," तो म्हणाला. "कागदावर तुमचं नावही नसतं, नुसता आकडा. घरी कुणाला कळणार नाही."

मी बरं म्हटलं. खरंच सांगते, मी बरं म्हटलं आणि बाहेर आले, मुकुंदाचा हात धरून, घरी जायला. आत्याबाई उठल्या. "काय म्हनला?" "काही नाही झालेलं." त्यांनी तिथल्या तिथं मुकुंदाची दृष्ट काढली, बोटं कानशिलावर मोडली. बाकड्यावरचा पोरगा बघत होता. त्यानं पुन्हा "आये" म्हणून हात पुढं केला, मालन गुडघ्यावर उठली, आणि म्हातारीनं त्याचं तोंड दुसरीकडं वळवलं.

माझा राग एकदम उसळला. कुणाचा ते मला आजही नीट सांगता येत नाही. म्हातारीचा, डॉक्टरचा, की माझ्या त्या कागदावरच्या आकड्याचा. गुपित ठेवून त्या बाईला काय मिळणार होतं? तिला काय कागद वाचता येणार होता?

"आजी," मी म्हातारीला म्हणाले, "मी रोज खाल्ल्या."

"काय खाल्ल्या?"

"गोळ्या. तिनं खाल्ल्या त्याच जातीच्या. तिनं चार खाल्ल्या, मी हा पोटात असताना रोज खाल्ल्या, एक दिवस चुकवला नाही. लग्नाआधीपासून खाते, आजही खाते. मला फिट येतात." मी मुकुंदाला पुढं ढकललं. "हा बघा. काय झालंय याला?"

खरशीकर दारात आला होता, तो घाईघाईनं म्हणाला, "बाई, असं एका मुलावरून काही सिद्ध होत नसतं."

"मग ह्या आजींनी एका मुलावरून कसं केलं?" मी म्हणाले.

मी आत्याबाईंकडं बघायचं टाळत होते, पण त्यांचा आवाज आलाच, अगदी बारीक. "म्हंजे पित्त न्हवतं?"

"नाही."

"मग ते आवळे?"

मी मान खाली घातली. आत्याबाई बाकड्यावर परत बसल्या.

म्हातारीनं मुकुंदाला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. हात लांब करून त्याचं डोकं चाचपलं, पार कानामागं बोटं घालून, बाजारात टरबूज बघावं तसं. त्या वेळात तिच्या मांडीवरचा पोरगा सरकत सरकत खाली उतरला आणि फरशीवरून आईकडं गेला. मालननं त्याला उचललं. म्हातारीनं बघितलं, पण या वेळी हात आडवा घातला नाही.

मला वाटलं होतं मालन माझ्याकडं मायेनं बघेल. माणसाला वाटतं तसं. पण ती मुकुंदाकडं बघत होती, आणि तिचा चेहरा बघून मी नकळत मुकुंदाला पदराआड घेतलं.

"तुमी रोज खाल्ल्या," ती म्हणाली. "आन ह्यो असा हाय. मग माझ्याच पोराला का?"

मी खरशीकरकडं बघितलं. तो खाली फरशीकडं बघत होता. तिला द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं. इतकी वर्षं झाली, मुकुंदाची पोरं आता कॉलेजात जातात, अजूनही माझ्याजवळ काही नाही. त्या अभ्यासातून काय निघालं तेही मला कुणी सांगितलं नाही. मालनचं पोरगं दिवाळी बघून गेलं. बाजारात तिच्या गल्लीतली एक बाई भेटली, तिनं सांगितलं की शेवटपर्यंत ते आईच्याच मांडीवर होतं, आणि मालन अजून सासरीच आहे. तेवढं ऐकून मी भाजी न घेताच घरी आले.

पण त्या दिवशी परतीच्या बसमध्ये आम्ही दोघी शेजारी बसलो होतो, मुकुंद आत्याबाईंच्या मांडीवर आडवा झोपलेला. मी त्यांच्या रागाची वाट बघत होते. गाव यायच्या आत एकदाचं बोलून टाका, गल्लीत तमाशा नको, एवढंच माझ्या मनात होतं. माझ्या डोळ्यांसमोर माझी पत्र्याची पेटी आणि माहेरचं दार दिसत होतं. आणि मुकुंदाला ते माझ्याबरोबर पाठवतील का, हे कळत नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "तुज्या आईनं फसवलं आमाला."

"हो."

"माझ्या हातचं दूध पिऊन, देवासमोर बसून, पोरीला पित्ताचा त्रास हाय म्हनाली. डोळ्याला डोळा लावून."

"हो, आत्याबाई."

"खरं सांगितलं असतं तर मी तुला करून घेतली नसती. बाशिंग बांदल्यालं पोरगं माघारी नेलं असतं."

"माहीत आहे मला. म्हणूनच नाही सांगितलं."

बस खड्ड्यातून गेली, मुकुंदाचं डोकं घसरलं, त्यांनी हाताच्या पंजात धरून ते परत मांडीवर ठेवलं. मग तसाच हात ठेवून त्याच्याकडं बघत राहिल्या. कपाळाला आठ्या घालून, काहीतरी गुंता सुटत नसल्यासारख्या.

"तुला केली नसती तर ह्यो बी झाला नसता की गं," त्या म्हणाल्या.

मी मुकुंदाचे लोंबणारे पाय माझ्या मांडीवर घेतले.

"मग बरं झालं म्हनायचं, न्हाई सांगितलं त्ये." हे त्यांनाही पटत नव्हतं, तोंडावरूनच दिसत होतं. त्यांनी पदरानं मुकुंदाच्या तोंडावरचा घाम पुसला आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पर मी आसं म्हनले ह्ये तुज्या आईला सांगू नगंस."